कंबरदुखी, सायकल आणि ‘मणक्यातला गॅप’

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत कंबरदुखीविषयी नुकताच जो लेख आला, त्यात कंबर दुखणाऱ्यांनी सायकल कायमची बंद करावी, असा सल्ला दिलेला आहे. हा सल्ला मी स्वतः दीड वर्ष निष्ठेने पाळला आणि त्याचे परिणामही भोगले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. माझे वय ५३ आहे. घरापासून शाळा सहा किलोमीटरवर आहे आणि नोकरीला लागल्यापासून मी सायकलनेच जात आले. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत गव्हाची कोठी सरकवताना कमरेत उसण भरली आणि मला सरळ उभे राहता येईना. ज्या दवाखान्यात नेले तिथे एक्स-रे काढून ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगण्यात आले. कमरेला पट्टा, फळीवर झोपणे आणि सायकल जन्मभर बंद, अशी तीन पथ्ये मिळाली. दोन महिने मी बहुतेक वेळ अंथरुणावर होते. उठले तेव्हा दुखणे तसेच होते आणि पायांतली ताकद मात्र गेली होती. फळ्यावर एक तास लिहायचे तर मध्येच खुर्ची ओढून बसावे लागे. त्याहून वाईट म्हणजे मनात भीती बसली. खाली पडलेला खडू उचलायलाही मी विद्यार्थिनीला बोलवत असे.

‘गॅप’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी झाला आहे. खानदेशात असे एकही गाव नसेल जिथे कोणाच्या तरी मणक्यात गॅप नाही. विज्ञानाची शिक्षिका असूनही मी हा शब्द तपासून पाहिला नाही, याची मला खंत वाटते. दोन मणक्यांमध्ये अंतर प्रत्येकाच्याच असते, कारण तिथे गादी असते. वय वाढते तशी ती गादी झिजते आणि ते अंतर उलट कमी होते. ही झीज केस पांढरे होण्यासारखी आहे. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे माझ्या वयाच्या दहा निरोगी बायकांना एमआरआयसाठी नेले, तर आठजणींच्या अहवालात तेच शब्द येतील. त्या कागदाने आठहीजणी घाबरतील आणि हालचाल कमी करतील. या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या मणक्यांतून झिरपत येते आणि त्याला हालचालीची मदत होते, हे मला कळले तेव्हा दोन महिने अंथरुणावर मी नेमके काय केले, ते ध्यानात आले.

मला ते जळगावच्या एका फिजिओथेरपिस्टताईंनी समजावले. माझी कंबर तपासून झाल्यावर त्यांनी विचारले, “मॅडम, तुमची सायकल कशी आहे?” तोवर मला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. पुढच्या खेपेला मुलाने टेम्पोत घालून सायकल नेली आणि ताईंनी ती अंगणात उभी करून मला तिच्यावर बसवले.

माझी सीट फार खाली होती. दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले की सायकल सुरक्षित, असे मला लहानपणापासून शिकवलेले होते. त्यामुळे गुडघा सतत जास्त वाकलेला राहून वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असे आणि पाठ पोक काढल्यासारखी गोल होई. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा, एवढी सीटची उंची ठेवायची. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्याला २५ ते ३५ अंशांचा वाक आपोआप राहतो. सीट याहून वर गेली तर प्रत्येक पायडलला कुल्ले डावी-उजवीकडे डोलतात आणि तो सगळा हेलकावा कमरेला सोसावा लागतो. हँडल दोन बोटे वर घेतले. सीटचे टोकही किंचित खाली झुकवले. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली हौशी सायकलस्वारांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता; त्यात सीटचे टोक १० ते १५ अंश खाली केल्यावर सत्तर टक्क्यांहून अधिक जणांच्या कंबरदुखीत मोठा फरक पडला होता. मला मात्र एवढा उतार मानवला नाही, अंग पुढे घसरून मनगटांवर भार येऊ लागला, म्हणून मी त्याच्या निम्म्यावर थांबले. ही सारी दुरुस्ती एका पान्याने अर्ध्या तासात झाली.

वह्यांनी भरलेली पिशवी मी एकाच खांद्याला अडकवत असे, ती कॅरिअरवर बांधू लागले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच निघाली. कंबर चमकायची ती सायकल चालवताना नाही, तर रात्री ती उचलून तीन पायऱ्या चढवून ओट्यावर ठेवताना. घरच्यांनी पायऱ्यांवर एक जाड फळी टाकली आणि सायकल ढकलत नेण्याची सोय केली. दीड वर्ष दोष सायकलीला लागत होता, तो खरा त्या पायऱ्यांचा होता.

सुरुवात सपाट रस्त्यावर दहा मिनिटांनी केली, गिअर हलका ठेवून. दर आठवड्याला थोडे वाढवायचे आणि दुखणे दहापैकी (शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य) तीन-चारच्या आत असेल व दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरत असेल तर घाबरायचे नाही, हा नियम ठरला. तीन महिन्यांनी मी पुन्हा सायकलने शाळेत गेले. सोबत सेतुबंधासन, भुजंगासन आणि गुडघे-तळव्यांवर राहून उजवा हात व डावा पाय लांब करण्याचा व्यायाम रोज चालू होता, तो आजही आहे. सायकल चालवताना पाठ बराच वेळ पुढे वाकलेली राहते, म्हणून चालणेही हवे. २०२४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातला ७०१ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. नुकत्याच बऱ्या झालेल्यांपैकी ज्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावले, त्यांचे दुखणे पुन्हा उलटायला मध्यकाने (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांना ११२ दिवस लागले.

त्यानंतर मी एकदा पडलेही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकलेली असते. तिच्यावरून चाक घसरले आणि तळहातावर आपटले. पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही, पण अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिल्याने दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा बारीक फ्रॅक्चर दिसले. मनगटाच्या लहान हाडाचे असे होऊ शकते, हे सायकलवाल्यांनी लक्षात ठेवावे. प्लॅस्टर होते तितके दिवस सायकल बंद होती, पण सकाळचे चालणे मी सोडले नाही.

सगळेच दुखणे चालत राहून सोसावे, असे मी म्हणत नाही. लघवी वा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, सीटला टेकणारा भाग बधिर होणे, पायातली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. लांब पल्ल्यानंतर येणारी आणि उतरल्यावर थोड्या वेळात जाणारी बधिरता सीटमुळे असू शकते; न जाणारी मात्र घरी बसून पाहू नये. जोराने पडल्यानंतरची कंबरदुखी, सोबत ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल तरीही तपासणी हवीच. अशा रुग्णांसाठी एक्स-रे आणि एमआरआय मोलाचे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट माहिती देणे यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावून ओढण्याचा उपचार सरसकट वापरू नये, असे म्हटले आहे. आपल्या तालुक्याच्या गावांत मात्र हेच दोन उपचार सर्वाधिक चालतात.

मला माझ्यापेक्षा इतरांची काळजी अधिक वाटते. माझी पगारी रजा शिल्लक होती. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीबागांत वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून गाडीपर्यंत जाणाऱ्या मजुराला, किंवा दिवसभर वाकून कापूस वेचून सायकलने घरी परतणाऱ्या बाईला ‘विश्रांती घ्या’ म्हणणे म्हणजे चूल बंद ठेवा म्हणणे आहे. ते इंजेक्शन घेतात आणि दुसऱ्या दिवशी तोच भार उचलतात. भार अंगाजवळ कसा धरावा, खेपा कशा वाटून घ्याव्यात, किती दिवस हलके काम करावे आणि मग कसे वाढवावे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. आणि त्यांची सायकल काढून घेऊ नये, कारण कित्येकांच्या घरी दुसरे वाहनच नाही.

शाळेत आठवीपासून पुढच्या मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळतात, त्या सगळ्या एकाच मापाच्या असतात. पाच फूट चार इंचांची मुलगीही सीट तळाला ठेवूनच चालवते आणि नववीत गुडघे दुखतात म्हणून सांगत येते. मी वर्गात एक पाना ठेवला आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सीटा लावतो. सायकल-वाटपाच्या दिवशीच हे काम प्रत्येक शाळेत व्हावे, अशी शिक्षण विभागाला आपल्यामार्फत विनंती आहे.

आपणास विनंती अशी की, त्या लेखातील सल्ल्याविषयी एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाचे आणि फिजिओथेरपिस्टचे मत पुढील पुरवणीत छापावे, आणि रुग्णालयात तातडीने कधी जावे याची लक्षणे ठळक चौकटीत द्यावीत, म्हणजे ती कापून दवाखान्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येतील.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका,
चोपडा तालुका, जि. जळगाव