दावणीला बांधलेली समीकरणं

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं परवा नांदेडला मार्गदर्शकांच्या हाती दिली. दुसऱ्या प्रकरणात लाप्लास रूपांतर या गणिती क्रियेची 11 ओळींची मांडणी आहे, लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून गणित छापायच्या संगणकप्रणालीत केलेली. सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक. मॅडमनी ते पान उलटलं आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

आधी काय अवतार होता! कुणाच्या तरी जुन्या फाइलीतून ‘इक्वेशनअरे’ ही समीकरणं रांगेत लावायची जुनी आज्ञा उचललेली. बरोबरच्या दोन्ही अंगांना भगदाडं पडलेली, आणि लांब ओळ थेट समीकरणाच्या क्रमांकावर चढलेली. मी आपली एकेक जागा हातानं कमी-जास्त करत बसलेली. अंबाजोगाईला तुमच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला, तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, “अगं, खुंटाच ठोकला नाहीस, मग जनावरं रांगेत कशी राहतील?”

मग तुम्ही अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं एएमएसमॅथ पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायचा आज्ञांचा संच, लावायला सांगितलं आणि त्यातलं ‘अलाइन’ शिकवलं. अँपरसँड, म्हणजे & हे चिन्ह, हा खुंटा. तो बरोबरच्या चिन्हाआधी ठोकायचा. मी नंतर ठोकला, तर चिन्ह पुढच्या पदाला जाऊन चिकटलं. दोन समीकरणं शेजारी हवीत तर तीन अँपरसँड लागतात: पहिला नि तिसरा खुंटे, मधला म्हणजे दोन दावणींमधली वाट. पुस्तकात हे तीनदा वाचलं होतं, सर. डोक्यात शिरलं ते तुमच्या गोठ्याकडे बघताना.

शेवटच्या ओळीनंतरही मी ओळ तोडायच्या दोन उलट्या तिरप्या रेघा देत होते, म्हणून खाली समीकरण नसलेला एक क्रमांक लोंबकळायचा. तो मी आठवडाभर शोधत होते! आणि मध्येच ‘म्हणून’ लिहायला मी अलाइन बंद करून पुन्हा उघडायचे, की पुढची दावण सरकलीच. अलाइन बंद न करता मध्ये शब्द घालू देणाऱ्या तुमच्या ‘इंटरटेक्स्ट’नं ती जागेवर राहिली.

वीज गेली, तेव्हा तुम्ही संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांची गोष्ट सांगितलीत. 1977 साली स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं त्यांना पसंत पडेनात, म्हणून त्यांनी टेक, म्हणजे लाटेक जिच्यावर उभं आहे ती प्रणाली, लिहायला घेतली. माझ्या भगदाडांवर तुम्ही का चिडलात, ते मला तेव्हा कळलं. चहा तीनदा झाला. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्याचे आभार वेगळे.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण फोनवर तुम्ही “बरं बरं, ठेव आता” म्हणून बोलूच देत नाही. तुमचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही.

चौथ्या प्रकरणातली एक ओळ मात्र अजून पानाबाहेर पळते. लांब समीकरण तोडायचं ‘स्प्लिट’ लावून तिचे दोन तुकडे केले, क्रमांकही एकच आला, पण अधिकचं चिन्ह कुठल्या ओळीवर ठेवायचं यावर माझं नि मॅडमचं जुळत नाही. रविवारी तिला घेऊनच येते.

तुमची विद्यार्थिनी