बाबांची डायलिसिसची जागा बदलते आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

आधी निर्णय सांगते, मग कारणं. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून बाबांचं डायलिसिस दुसऱ्या सेंटरला होईल. जागा पक्की केली आहे आणि किडनीच्या डॉक्टरांची संमतीही घेतली आहे. बाबा, तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून तुम्हाला राग येणार, ते मला ठाऊक आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही "चाललंय ते बरं चाललंय" म्हणाला असतात, आणि हा विषय तिथेच राहिला असता.

तिथल्या सिस्टरांबद्दल माझ्या मनात जराही वाईट नाही. त्यांनी तुम्हाला जीव लावलाय. पण माणसं कमी आणि पुढची शिफ्ट दारात उभी, अशा वेळी पहिली काटछाट सफाईचीच होते. आई, तू बोलता बोलता सांगितलंस की आधीचा पेशंट उठायच्या आत खुर्ची पुसून होते आणि हिपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, एकच बाटली ट्रेमधून खुर्चीखुर्चीला फिरते. त्यानंतर मला स्वस्थ बसवेना.

का, ते सांगते. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस जिवंत राहतो आणि त्यासाठी रक्ताचा डाग दिसावा लागत नाही. खुर्चीचा हात, मशीनची बटणं, बीपीचा पट्टा, चिमटे, टीव्हीचा रिमोट, कुठेही तो असू शकतो. म्हणून आधी पेशंटने खुर्ची पूर्ण सोडायची, रक्ताच्या नळ्या आणि डायलायझर (रक्त गाळणारं नळकांडं) काढून न्यायचे, मशीनला लावलेली टाकाऊ पाण्याची बादली रिकामी करून निर्जंतुक करायची आणि मग सगळं पुसायचं. पुसल्यावरही जंतुनाशक औषधावर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. लगेच कोरडं फडकं फिरवलं तर ते औषध वायाच गेलं. ट्रेचंही तसंच. इंजेक्शन वेगळ्या स्वच्छ जागी भरून एकाच पेशंटपुरतं आणायचं. खुर्चीपाशी आलेली बाटली पुन्हा दुसऱ्याकडे जाता कामा नये.

बाबा, लहानपणी माझा गुडघा फुटला की तुम्ही आधी स्वतःचे हात साबणाने धुवायचात आणि मी कितीही रडले तरी त्याआधी जखमेला बोट लावायचा नाहीत. तेवढीच काळजी आता तुमच्या हाताची घ्यायची आहे, आणि घ्यायला लावायची आहे. अजून १ तारीख लांब आहे, म्हणून हे आत्ताच्या सेंटरलाही लागू.

आत गेल्या गेल्या फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडून घेतलेला, हात साबणाने धुवा. सिस्टरांनी तुमच्याकडे येताना हात स्वच्छ करून नवे ग्लोव्ह्ज घालायला हवेत, आणि मशीनच्या बटणांना हात लावल्यावर तेच ग्लोव्ह्ज घेऊन सुईकडे वळायचं नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने जागा निदान ३० सेकंद चोळायची आणि आपोआप वाळू द्यायची. फुंकर नको. वाळल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपली तर पुन्हा पुसायचं. हे इतक्यांदा चुकतं की मला राहवत नाही! सुई काढल्यावर तुम्हीच बोळा दाबून धरत असाल तर त्या हातात ग्लोव्ह हवा, आणि नंतर हात धुवायचे.

गळ्यातली नळी फिस्टुला नीट चालेपर्यंत राहणार आणि सगळ्यात जास्त भीती तिचीच, कारण ती थेट मोठ्या शिरेत उघडते. तिची टोपणं उघडताना सिस्टर आणि तुम्ही, दोघांच्याही तोंडा-नाकावर मास्क हवा. टोपण काढल्यावर नळीचं तोंड जंतुनाशकाने घासून घ्यायचं. घरी पट्टी भिजू द्यायची नाही. भिजली किंवा सुटली तर पुढच्या पाळीपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी बदलून घ्या. मशीनच्या प्रेशरच्या नळीवर एक छोटा गोल फिल्टर असतो, तो प्रत्येक पेशंटला नवा लागतो. तो ओला झाला किंवा त्यात रक्त दिसलं तर लगेच बदलायला सांगा. नाहीतर रक्त मशीनच्या आतपर्यंत जाऊ शकतं आणि प्रेशरचे आकडेही चुकतात.

पाण्याचं दिसत नाही, म्हणून ते कोणी विचारत नाही. मिनिटाला ५०० मिली धरलं तर ४ तासांत या पाण्यापासून बनवलेला १२० लिटर द्रव तुमच्या रक्ताला लागून, मध्ये फक्त एक पातळ पडदा ठेवून, वाहतो. आरओवर सगळं सोपवून चालत नाही. क्लोरामाइन, म्हणजे पाणी शुद्ध करायला वापरलेल्या क्लोरीनचं एक रूप, त्यातून निसटतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. ते अडवतात कोळशाच्या टाक्या, म्हणून प्रत्येक शिफ्टआधी क्लोरीन तपासून वहीत लिहायचं असतं. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर ते जाता कामा नये. पाण्यातले जंतू मिलिलिटरला १०० च्या आत हवेत. नव्या ठिकाणी मी ही वही आणि पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागितले. कपाळावर आठी न घालता त्यांनी ते दाखवले. माझा निर्णय झाला तो तिथेच.

बाबा, तुमची वेळ सकाळचीच राहील. खुर्ची पूर्ण मागे जाते, पाय वर घेता येतात, आईला बसायला बाहेर पंखा आणि खिडकी आहे. शेजारच्या खुर्चीवरचे काका मात्र तिथे नसतील, त्याचं मलाही वाईट वाटतं. त्यांच्याशी फोन चालू ठेवा. तुमची पांघरायची शाल न्या. घरी आणताना वेगळ्या पिशवीत घाला आणि गरम पाण्यात धुवा. पण सुईचा हात शालीखाली लपवू नका. सुई निसटली तर ते कुणाला तरी दिसलं पाहिजे.

आता बोलायचं कसं. "तुम्ही हात धुतले नाहीत" असं नको. "सिस्टर, सुईआधी नवे ग्लोव्ह्ज घालाल ना?" एवढं पुरतं. हसून विचारा, पण विचारा. विचारलं म्हणून सुई मुद्दाम दुखवून टोचतील ही तुमची भीती मी समजते. म्हणून आई, तू विचारत जा. ऐकलं नाही तर वाद घालू नकोस. तारीख, शिफ्ट, मशीनचा नंबर आणि काय दिसलं एवढंच वहीत लिही. ते मी इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांना लेखी कळवीन. कुणाचं नाव त्यात येणार नाही.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही, राग आला म्हणून पाळी चुकवायची. पोटॅशियम आणि पाणी अंगात साठणं अस्वच्छ खुर्चीपेक्षाही लवकर जीवावर बेततं. म्हणूनच नवी जागा हातात आल्याशिवाय मी जुनी सोडली नाही.

डायलिसिस चालू असताना किंवा नंतर थंडी वाजून हुडहुडी भरली, ताप आला, नळीपाशी किंवा फिस्टुलावर लाली, पू, ऊब दिसली तर लगेच सांगायचं. या वयात ताप येतोच असं नाही. बाबा नुसते गुंगीत वाटले किंवा असंबद्ध बोलायला लागले, तरी तेही सांग. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) घेतलं का, एवढं आठवणीने विचार.

फाइलमध्ये हिपॅटायटिस बी आणि सीचे ताजे रिपोर्ट लाव, नव्या सेंटरला पहिल्या दिवशी लागतील. बाबांच्या हिपॅटायटिस बीच्या लसीचा शेवटचा डोस झालाय, एक-दोन महिन्यांत अँटीबॉडी, म्हणजे लसीने आलेली प्रतिकारशक्ती, तपासायची आहे. आकडा १० च्या खाली आला तर पुन्हा डोस द्यावे लागतील, घाबरायचं कारण नाही.

मी लांब आहे आणि रोज तुमच्या शेजारी बसू शकत नाही, हे मला टोचतं. उद्या पाळीवरून आलात की आधी जेवा, पडा, मग फोन करा. आई, पट्टीचा फोटो मात्र जेवणाआधी पाठव.

तुमची,
छोटी