हायड्रोजन आमच्या छोट्या युनिटपर्यंत पण येऊ द्या साहेब

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. ग्रीन हायड्रोजन (सौर-पवनसारख्या विजेने पाण्यातून काढलेला) म्हटलं की सगळे बस, ट्रक नाहीतर स्टीलबद्दल बोलतात. केंद्राने 2023 मध्ये 19,744 कोटींचं मिशन आणलं, राज्याची पॉलिसी पण त्याच वर्षी आली, चांगलंच आहे. पण लोटे, महाड, तारापूर एमआयडीसीकडे कापडाचे रंग (डाय) आणि औषधं यांच्यासाठीची अधली-मधली रसायनं (इंटरमीजिएट) बनवणाऱ्या लहान युनिटला हायड्रोजन आजच हवाय, आणि तो झेपत नाही म्हणून नायट्रोचं अमाइन करायला (रेणूतल्या नायट्रो भागातला ऑक्सिजन काढून हायड्रोजन लावायला) अजूनही काही जण लोखंडाचा चुरा आणि ॲसिडच वापरतात. ही पद्धत 1854 ची आहे!

मी अशा प्लांटवर काम केलंय. गरम रिॲक्टरमध्ये घमेल्याने थोडा थोडा चुरा सोडायचा, घाई केली की फेस उसळून वर येतो, आणि शेवटी जो काळा चिखल उरतो तो फिल्टरवरून खरवडून पोत्यात भरायचा. त्यात ॲनिलिन (असंच एक विषारी अमाइन) थोडंफार राहतंच, ते कातडीतून अंगात जातं आणि माणसाचे ओठ निळे पडतात. साधा हिशोब करा, 1 किलो ॲनिलिनमागे जवळपास 1.9 किलो आयर्न ऑक्साईड, ते पण कोरडं धरून, ओला गाळ त्याहून जास्त. तेच हायड्रोजनने केलं तर 1 किलोमागे 400 ग्रॅमच्या आसपास पाणी निघतं, बस्स.

मग अडतंय कुठे? एक तर कॅटॅलिस्ट, म्हणजे रिॲक्शन घडवून आणणारा पण स्वतः न संपणारा पदार्थ. आमच्या बऱ्याच मालात रेणूतल्या कार्बनच्या रिंगवर क्लोरीन असतो, नायट्रो बदलायचा पण क्लोरीन जागचा हलता कामा नये. साधं पॅलेडियम (कॅटॅलिस्ट म्हणून वापरतात तो महाग धातू) टाकलं की ते क्लोरीन पण काढून टाकतं, मालात भेसळ होते आणि सुटलेलं ॲसिड भांडं खातं ते वेगळंच. नॅनो कणांचं (मीटरच्या अब्जांश मापातल्या बारीक कणांचं) महत्त्व इथे आहे. दोन नॅनोमीटरच्या कणात जवळपास निम्मे अणू पृष्ठभागावरच असतात, त्यामुळे महाग धातू अगदी कमी लागतो, आणि कण केवढा, कशावर बसवलाय यावरून तो नेमकं काय तोडणार हे बरंचसं ठरवता येतं. 2006 मध्ये स्पेनमध्ये केमिस्ट कोर्मा यांच्या टीमने टायटॅनियावर (टायटॅनियमच्या ऑक्साईडवर) बसवलेल्या सोन्याच्या नॅनो कणांनी फक्त नायट्रोच बदलून दाखवला, रेणूतल्या बाकीच्या भागांना धक्का नाही. 2013 ला जर्मनीत रॉस्टॉकला बेलर यांच्या टीमने तर आयर्न ऑक्साईडचे नॅनो कण नायट्रोजनवाल्या कार्बनमध्ये गुंडाळून हेच केलं. म्हणजे लोखंडच, पण पोत्याने नाही, चिमटीने! आपल्याकडे पुण्याला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, माटुंग्याला आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आहे, कॅटॅलिसिस जाणणारी माणसं आहेत. लॅबमध्ये ग्रॅमभर जमतं हो, टनावर कोण करून बघणार?

दुसरी अडचण म्हणजे भीती, आणि ती खोटी नाही. ही रिॲक्शन प्रचंड गरम होते, प्रेशरचं ऑटोक्लेव्ह (जाड बंद भांडं) लागतं, आणि वापरलेला पॅलेडियम-कार्बन कॅटॅलिस्ट फिल्टरवर कोरडा पडला की आपोआप पेट घेतो, वर मिथेनॉलची वाफ असली तर विचारूच नका. डोंबिवलीने 2016 ला आणि 2024 ला काय पाहिलं ते तुम्हाला माहीत आहे, कारणं वेगळी असतील पण केमिकल प्लांटशेजारी राहणारा माणूस स्फोट विसरत नाही. म्हणून मी शेडगणिक हायड्रोजन सिलेंडर द्या असं म्हणतच नाहीये.

सांडपाण्यासाठी जसा सगळ्यांचा मिळून सीईटीपी असतो तसं एका एमआयडीसीत एक कॉमन हायड्रोजनेशन युनिट (हायड्रोजनने नायट्रोचं अमाइन करून देणारं) काढा. ट्रेनिंग घेतलेले ऑपरेटर, नीट ऑटोक्लेव्ह, सेफ्टी ऑडिट, वापरलेल्या कॅटॅलिस्टमधून धातू परत काढायची सोय, आणि एनसीएल-आयसीटीवाल्यांना त्यांचे नवे कॅटॅलिस्ट मोठ्या बॅचवर तपासायला एक रिॲक्टर राखीव. आमचे लोक नायट्रो पाठवतील, अमाइन घेऊन जातील, जॉबवर्क आम्हाला नवीन नाही. फॉर्म्युला बाहेर जाईल म्हणून काही मालक कुरकुरतील, त्यांना गाळ उचलायचं बिल दाखवा.

सुरुवात लोट्यापासून करा असं मला वाटतं, आणि मीटिंग लावाल तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या व्हीपींबरोबर दोन-चार लहान युनिटवाले आणि एखादा शिफ्ट सुपरवायझर पण बोलवा.

आपला,
एक प्लांट केमिस्ट