खालच्या मजल्यावरच्या सेन्योरांना

प्रिय सेन्योरा,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं स्पॅनिश बाजारहाटापुरतं. तरी हे पत्र मराठीतच लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला मी शेजारी बसून वाचून दाखवेन.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा इथे मेक्सिकोत, ग्वादालाहारात, संध्याकाळ होती आणि साताऱ्यात सकाळ. मुलगी दीड महिन्याची, तिचा पासपोर्ट अजून आलेला नाही, निघायचं तरी कसं? बाबांचा अंत्यविधी मी रात्री साडेअकराला फोनवर पाहिला. माझं रडणं तुम्हाला खाली ऐकू आलं असणार. सकाळी आठला तुम्ही दारात उभ्या होतात, हातात फडक्यात गुंडाळलेलं मातीचं पसरट भांडं, तुमची कासुएला, घेऊन.

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

कासुएलात चिलाकिलेस होते. शिळ्या तोर्तियांचे, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांचे, तुकडे तळून हिरव्या साल्सात, चटणीसारख्या रश्शात, घातलेले. तोमातिल्योचा, म्हणजे हिरव्या टोमॅटोसारख्या फळाचा, आंबटपणा, सेरानो मिरची, लसूण, कोथिंबीर. इतर ठिकाणी ते कुरकुरीत असतानाच खातात म्हणे, पण तुमच्या पद्धतीचे मंद आचेवर रटरटून दाट झालेले, चमच्याने खायचे. मला तेच आवडतात. बाजूला फ्रिहोलेस, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याचे दाणे, होते, आणि ते तुम्ही नेहमीसारखे डुकराच्या चरबीत नाही, तेलात परतले होते. साल्सात कोंबडीचं पाणी नव्हतं, वर अंडं नव्हतं, नुसतं ताजं चीज. आम्ही काय खात नाही ते तुम्ही केव्हातरी सहज विचारलं होतंत आणि ध्यानात ठेवलं होतंत.

सोबत काफे दे ओया, म्हणजे मडक्यातली कॉफी, दालचिनी आणि पिलोन्सियो घातलेली. पिलोन्सियो म्हणजे उसाचा गूळच. पहिल्या घोटाला घशात अडकलेलं काहीतरी सुटलं.

मग पोरीला मांडीवर घेऊन तुम्ही तुमच्या आईबद्दल बोलत राहिलात. वडील ब्रासेरो म्हणून, म्हणजे अमेरिकेत करारावर जाणारे मजूर म्हणून, कॅलिफोर्नियाच्या शेतांवर गेलेले. 1942 ते 1964 या काळात असे लाखो करार झाले आणि तुमच्यासारखी कितीतरी घरं वडिलांच्या पत्राची वाट बघत राहिली. घरात सात मुलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, मेतातेवर, म्हणजे दगडी पाट्यावर, गुडघे टेकून वाटायचा आणि मग कुठे कोमालवर, त्यांच्या तव्यावर, तोर्तिया पडायची. (चुना तोच, जो आम्ही पानाला लावतो.) एवढ्या कष्टाची तोर्तिया शिळी झाली म्हणून टाकायची कशी? रविवारी सकाळी आठवड्याभराचे तुकडे साल्सात पडायचे. साल्सा फार तिखट झाला की मुलं ओळखायची, याही आठवड्यात पत्र नाही.

तुम्ही हे सांगत होतात आणि मला साताऱ्याचं स्वयंपाकघर दिसत होतं. रविवारी शिळ्या पोळ्यांचा कुस्करा बाबाच करायचे. मोहरी, हिरवी मिरची, कांदा, वरून लिंबू. आईला त्या दिवशी ओट्याजवळ येऊ द्यायचे नाहीत. हे मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, तेव्हा तुम्ही कासुएलातलं आणखी वाढलंत आणि म्हणालात, ‘लास पेनास कोन पान सोन मेनोस.’ भाकर सोबत असली की दुःख जरा कमी होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले, सेन्योरा. पोरीला दूध पाजायचं होतं, ते तुमच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं.

पुढचे बारा दिवस तुम्ही रोज आलात. कधी फ्रिहोलेस, कधी नुसत्या गरम तोर्तिया, कधी पपईच्या फोडी. भांडी परत मागितली नाहीत.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, असं आमच्याकडे मानतात. म्हणून तेराव्याचं गोडाचं होईपर्यंत कासुएला माझ्याकडेच राहिली. त्या दिवशी तिच्यात साजूक तुपातला शिरा भरून खाली आणला. तुम्ही एक घास खाल्लात आणि विचारलंत, तुझ्या बाबांना आवडायचा का?

हो. फार आवडायचा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मुलगी