नरक्याच्या बातमीत एवढं तरी लिहा

संपादक महोदय, नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून बातमी येते, सह्याद्रीच्या जंगलात नरक्याची तोड, टेम्पो पकडला, दोघं-तिघं ताब्यात, पोत्यात लाकडाचे तुकडे. चार ओळी की विषय संपला, वाचणाऱ्याला वाटतं असेल कसलंतरी जळण. नरक्या (काहीजण अमृता पण म्हणतात) म्हणजे नेमकं काय आणि तो चोरतात कशाला हे त्यात कधीच नसतं म्हणून हे पत्र.

या झाडात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं तयार होतात, अमेरिकेत दोन्हींना 1996 ला मान्यता मिळाली, आणि आज मोठ्या आतड्याच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरसाठी आपल्याकडेही केमोमधे ती दिली जातात. पेशी दुप्पट होताना तिच्या डीएनएचा पीळ सुटावा लागतो, पिळलेलं सुंभ सोडवतो तसं. त्यासाठी एक एन्झाइम धाग्याला छोटीशी चीर पाडतं आणि पीळ सुटला की परत जोडून टाकतं. कॅम्पटोथेसिन नेमकं तिथेच जाऊन बसतं, चीर जोडलीच जात नाही आणि भराभर वाढणारी पेशी मरते. झाडाने हे स्वतःसाठी बनवलं आणि आपल्या माणसांच्या उपयोगी पडलं, मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

हे द्रव्य पहिल्यांदा 1966 मधे एका चिनी झाडातून मिळालं, अमेरिकेत, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या टीमला. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! मुंबई विद्यापीठात शिकून तिकडे गेलेले. याच जोडीने 1971 ला टॅक्सॉल या कॅन्सरच्या आणखी एका औषधाची रचना जगापुढे मांडली. आणि 1972 ला गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की कॅम्पटोथेसिन घाटातल्या या झाडातही आहे, गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरचे प्रमुख होते. म्हणजे नंदुरबार, गोरेगाव आणि सह्याद्री, आणि आपल्या शाळेतल्या पोरांना यातलं एकही नाव माहीत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर हे वाचून कोणीतरी साल उकळून प्यायला लागेल. असं अजिबात करू नका! 1970 च्या आसपास हेच द्रव्य सोडियम सॉल्टच्या रूपात पेशंटना देऊन बघितलं होतं तर मूत्राशयातून रक्त जाण्यापर्यंत त्रास झाला आणि ट्रायल थांबवावी लागली. रेणूत बदल करून, डोस ठरवून, ते औषध व्हायला पुढची वीसेक वर्षं गेली. सदाफुलीच्या पानांचंही तेच, व्हिनक्रिस्टीन हे औषध तिच्यातूनच येतं आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमधे) ते कामाचं आहे पण म्हणून पानं चावून कॅन्सर जात नाही, मेसेज कितीही फिरू देत.

आता तोडीबद्दल. लाकडात हे द्रव्य टक्क्याचाही छोटासा भाग असतं, त्यामुळे थोड्याशा औषधासाठी ढीगभर लाकूड लागतं आणि तोडणारे झाड मुळासकट काढतात. टॅक्सॉलच्या वेळी अमेरिकेत असंच झालं होतं, ते यू नावाच्या झाडाच्या सालीतून काढायचे आणि साल सोलली की झाड मरायचं. मग फ्रान्समधल्या संशोधकांनी युरोपातल्या यूच्या पानांपासून सुरुवात करून टॅक्सॉल बनवायची पद्धत काढली, पानं परत फुटतात, झाड जगतं. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी प्रयोगशाळेत कॅम्पटोथेसिन बनवते असं 2005 मधे आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, पण कारखान्याला पुरेल एवढं त्यातून निघणं अजून लांब आहे. तोपर्यंत वन विभागाने रोपवाटिका करून घाटातल्या शेतकऱ्यांना बांधावर लावायला नरक्याची रोपं द्यावीत आणि झाड न मारता तोडलेल्या फांद्यांची रीतसर खरेदी व्हावी, एवढं तरी जमण्यासारखं आहे.

आणि पेपरला विनंती, पुढच्या वेळी टेम्पो पकडला की फक्त मजुरांचे फोटो छापू नका. माल कोणाकडे चालला होता, पुढे कोण विकत घेणार होतं आणि खटल्याचं काय झालं, हे आपल्या बातमीदाराने सहा महिन्यांनी परत जाऊन विचारावं.

आपला एक वाचक, कराड