आधी उंदराला हात ओळखू देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचे नाव नाही. मी ते लिहिले होते, पण नावे फक्त शास्त्रज्ञांची असावीत अशी सूचना वरून आली आणि तुमच्या जागी 'प्राणीगृहातील कर्मचारी वर्ग' एवढे तीन शब्द उरले. त्या वेळी मी वाद घातला नाही, याची बोच अजून गेलेली नाही. नाव इथेही घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. परंतु आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

पिंजरे बदलताना तुम्ही एकदा विचारले होते, "मॅडम, एवढ्याशा डोक्यात तुम्ही शोधता तरी काय?" मी 'रिसेप्टर' हा एकच शब्द तुमच्याकडे भिरकावून निघून गेले होते. ते उत्तर देणे राहिले आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवण्यासाठी मुख्यतः ग्लुटामेट हे रसायन वापरतात आणि ते टिपणारे रेणू म्हणजे ग्लुटामेटचे रिसेप्टर. त्यांतल्या एनएमडीए रिसेप्टरच्या वाटेत मॅग्नेशियमचे बूच बसलेले असते. नुसते ग्लुटामेट आले म्हणून ते निघत नाही. त्याच वेळी पेशी आधीच चेतवलेली असावी लागते. दोन्ही गोष्टी जुळल्या की बूच सुटते, कॅल्शियम आत शिरते आणि त्या दोन पेशींमधला सांधा पुढे बळकट होतो. शिकण्याच्या मुळाशी हेच असावे असे मानतात. रिचर्ड मॉरिस या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मोठ्या उंदरांच्या, म्हणजे रॅटच्या, मेंदूत हे रिसेप्टर अडवणारे औषध सोडले, तेव्हा पोहण्याच्या हौदात गढूळ पाण्याखाली दडवलेला, चढून उभे राहण्याचा छोटा फलाट कुठे आहे हे त्या रॅटना नीट शिकता येईना. पुढे १९९६ मध्ये, मेंदूतल्या स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या एका छोट्या भागातच या रिसेप्टरचे जनुक नाहीसे केलेल्या लहान उंदरांमध्येही जागेची स्मृती अधू असल्याचे दिसले.

मला त्याच्या पुढचे पाहायचे होते. मेंदू किती सावध आहे, किती घाबरलेला आहे, याचा या स्मृतीशी संबंध कुठे जुळतो? सावधपणाच्या वेळी मेंदूत नॉरॲड्रेनालिन हे रसायन पसरते. ग्लुटामेटच्याच एएमपीए या दुसऱ्या रिसेप्टरवर त्यामुळे फॉस्फेटची खूण लागते आणि तो सांध्यात सहज जाऊन बसतो, हे २००७ मध्ये उंदरांवर दाखवले गेले. कोल्ह्याच्या मूत्राचा वास दिला तरी ही खूण लागत होती. म्हणजे थोडी धास्ती स्मरणाला मदतच करते. मात्र ती थोडीच हवी. यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी १९०८ मध्येच उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिले होते, की कठीण धडा मध्यम झटक्याने लवकर येतो, जोराच्या झटक्याने नव्हे.

हे सारे मला पाठ होते. तरीही मॉरिस यांच्यासारख्याच माझ्या हौदातले उंदीर भिंतीला चिकटून गोल गोल पोहत राहिले, काही तर नुसतेच तरंगत राहिले. रिसेप्टर अडवणारे औषध दिलेले हरवले असते तर समजण्यासारखे होते. पण औषधाऐवजी नुसते सलाइन, म्हणजे मिठाचे पाणी, दिलेलेही तितकेच हरवले होते, आणि दोन गटांत फरकच नसेल तर रिसेप्टरबद्दल बोलणार काय? कोणी म्हणाले मात्रा चुकली, कोणी म्हणाले उंदरांची तुकडीच वाईट आहे. ज्यांनी मला मार्गदर्शन करायचे होते, त्यांनी आलेख दुरून पाहिला आणि माझ्या चिकाटीवर शंका घेतली. त्या सगळ्या महिन्यांत त्यांपैकी एकही जण हौदापाशी येऊन उभा राहिला नाही.

तुम्ही आलात, तेही टॉवेल बदलायला. मी एका उंदराला शेपटीने उचलून पाण्याबाहेर काढत होते. तुम्ही काही न बोलता दोन्ही तळहात पुढे केलेत. उंदीर त्यांत आला, तेव्हा तुम्ही मूठ मिटली नाहीत. तो थरथरत होता, लेंड्या टाकत होता. तुम्ही हात न हलवता तसेच उभे राहिलात. बऱ्याच वेळाने त्याच्या मिशा हलू लागल्या, त्याने तुमच्या अंगठ्याचा वास घेतला आणि तिथेच बसून तोंड पुसायला घेतले. मग तुम्ही म्हणालात, "आधी त्याला तुमचा हात कळू द्या, मग तुमचा हौद."

जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट या संशोधिकांनी २०१० मध्ये हेच छापले होते, की शेपटीने धरलेल्या उंदरांपेक्षा नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर कमी बिचकतात. तो निबंध माझ्या संगणकात होता. मी तो वाचून पद्धतीच्या परिच्छेदात एक ओळ लिहिली आणि विसरून गेले. जी अवस्था मी रसायनांनी मोजू पाहत होते, ती उंदीर पाण्यात पडण्यापूर्वी माझ्याच चिमटीत तयार होत होती, हे मला तुमच्या ओंजळीमुळे दिसले. तुम्ही कधी ते बोलूनही दाखवले नाहीत. दुसऱ्याची चूक त्याला खाली मान घालायला न लावता दाखवता येणे, ही शिकलेल्या माणसांत मला फार क्वचित आढळलेली गोष्ट आहे.

नंतरच्या तुकडीसाठी तुम्ही पुठ्ठ्याच्या नळ्या कापून दिल्यात आणि रोज संध्याकाळी माझ्याबरोबर बसलात, तेही तुमची वेळ संपल्यावर. शेवटच्या चाचणीला फलाट काढून घेतलेला असतो. सलाइन दिलेला पहिला उंदीर पाण्यात उतरला, भिंत सोडून थेट त्या जागेकडे गेला आणि जिथे फलाट असायला हवा होता तिथे वळसे घालू लागला. औषध दिलेला मात्र हौदभर भटकत राहिला. इतक्या महिन्यांनंतर दोघांत प्रथमच फरक दिसत होता. मी पडद्याकडे पाहत ओरडले. मागे वळले तेव्हा तुम्ही कोरडा टॉवेल दोन्ही हातांवर पसरून तिसऱ्या उंदरासाठी उभे होतात.

आपली ऋणी,
हौदाच्या खोलीतली विद्यार्थिनी