मोठा कुत्रा दत्तक घेण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, विश्रामबाग, सांगली

विषय : आमच्या घरी येणाऱ्या कुत्र्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

या महिनाअखेरीस आम्ही एक कुत्रा दत्तक घेत आहोत. तो आल्यावर जिन्यात चर्चा होण्यापेक्षा त्याची माहिती आधी तुमच्याकडे यावी, म्हणून हे पत्र.

खंडू साधारण तीन वर्षांचा आहे, वजन २६ किलो. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. म्हणजे अंगात कारवानी जातीच्या कुत्र्याचं रक्त नक्की आहे. जत-आटपाडीकडे मेंढरांच्या कळपाबरोबर दिसतात तसा. कर्नाटकात याच जातीला मुधोळ म्हणतात आणि २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढलं होतं. खंडूचं तोंड मात्र अगदी गावठी, एक कान उभा, एक पडलेला. कुपवाडच्या बाजूला एका बंद शेडमध्ये त्याला कुणीतरी बांधून सोडून गेलं होतं. दोरी मानेत रुतली होती, तिथे अजून केस उगवलेले नाहीत. ज्या कार्यकर्त्यांनी त्याला सोडवलं, त्यांच्याकडे आम्ही घरचे सगळे जाऊन येतो. भाकरीचा तुकडा तळहातावर धरला की तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो, मग ओठांनीच अलगद उचलतो. हाताला दात लागत नाही. माझ्या सासूबाई आधी दाराशीच उभ्या राहायच्या, आता त्याच भाकरी बांधून घेतात.

मागच्या सर्वसाधारण सभेत ‘लहान कुत्री चालतील, मोठी नकोत’ असा ठराव करावा अशी सूचना आली होती. ती मला मनापासून पटलेली नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आकारावरून असा भेद करता येत नाही आणि बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण कायदा दाखवून शेजारधर्म टिकत नाही, हेही मला कळतं. ज्यांना भीती वाटते त्यांची भीती खरी आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना लहानपणी कुत्रा चावला होता, त्यांना ‘काही करत नाही हो तो’ असं म्हणणं मला शोभणार नाही. म्हणून आम्ही काय करणार ते लिहून देते.

त्याची नसबंदी झाली आहे. रेबीजची लस दिली आहे, ती दरवर्षी देऊ आणि दाखल्याची प्रत प्रत्येक वेळी कार्यालयात जमा करू. घराबाहेर तो कायम पट्ट्यात असेल आणि पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात. आमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. खंडूने ओढ घेतली तर तो त्याला आवरू शकणार नाही, त्यामुळे एकट्याने फिरवायला नेणार नाही. शाळेच्या बसच्या वेळेला आम्ही लिफ्ट वापरणार नाही. घाण आवारात झाली तर तिथल्या तिथे आम्हीच उचलू, सफाईवाल्या मावशींवर ते काम पडणार नाही.

एक विनंती मुलांच्या पालकांना. बांधून ठेवलेल्या, मार खाल्लेल्या कुत्र्याला नव्या घरात स्थिरावायला वेळ लागतो. पहिले काही दिवस तो नीट खातही नाही, कोपरा धरतो. घर आपलं वाटायला दोन-तीन महिनेही जातात. तेवढ्या काळात मुलांनी धावत येऊन त्याला मिठी मारू नये, खाताना-झोपलेला असताना हात लावू नये. लाडानेसुद्धा नको. तो भुंकेल का? सुरुवातीला थोडं भुंकेल, विशेषतः जिन्यात नवीन पावलं वाजली की. रात्री त्रास झाला तर कितीही वाजले असोत, आमची बेल वाजवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिण्याआधी एवढं कराच. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवू.

घरी आणण्याआधीच्या रविवारी सकाळी आम्ही त्याला सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत घेऊन येणार आहोत. कार्यकारिणीने आणि ज्यांच्या मनात शंका आहे त्या सभासदांनी जरूर यावं. जवळ यायलाच पाहिजे असं नाही, लांबून बघितलं तरी चालेल. काकूंना मी स्वतः जाऊन भेटणार आहे. त्यांच्या फिरण्याच्या वेळा विचारून खंडूच्या वेळा आम्ही बदलून घेऊ.

हे पत्र येत्या मासिक सभेत वाचून दाखवावं आणि सूचना फलकावर लावावं, ही विनंती. काही अटी सुचवायच्या असतील तर लेखी कळवाव्यात.

कळावे,
आपली नम्र,
सभासद, ब विंग, तिसरा मजला